वीस सेकंदांचा अंधार

सत्तरी गाठलेल्या बाईला रविवारी सकाळी साडेनऊला कुणी थिएटरात बोलावलं, की समजावं, एकतर तिचा सत्कार आहे नाहीतर चौकशी. मला वाटलं होतं सत्कार. म्हणून ठेवणीतले कपडे घातले, चष्मा दोनदा पुसला आणि चेहऱ्यावर उसना विनय घेऊन पायऱ्या चढले. दारात प्राध्यापिका उभ्याच होत्या. त्या सिनेमाचा इतिहास शिकवतात आणि आमच्या त्या जुन्या खुनाच्या सिनेमावर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलंय. स्वभाव उत्साही. इतका, की त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की मला बसावंसं वाटतं.

"मॅडम, तुमच्यासाठी एक गंमत आहे," त्या म्हणाल्या. "तुमची वही सापडली!"

"कुठली वही?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

सिनेमा पाहणाऱ्याला तो सलग दिसतो, पण काढताना त्याचे शेकडो तुकडे असतात, तेही उलटसुलट क्रमाने. नटाने सोमवारी ओठाला लावलेला पेला तो गुरुवारी खाली ठेवतो. पेला कुठल्या हातात होता, किती भरलेला होता, कॉलरचं बटण उघडं होतं की लावलेलं, हे सगळं टिपून ठेवणारं एक माणूस सेटवर लागतं. ते माणूस मी. पेन्सिल, वही आणि स्टूल, एवढाच माझा संसार. सेटवर मला नावाने कुणी हाक मारलीच नाही, सगळे मला 'वही'च म्हणायचे. भांडण झालं की दिग्दर्शकसुद्धा म्हणायचे, "वहीला विचारा." वहीत असेल ते खरं, बाकी सगळं बाजारगप्पा. पुढे तेहतीस वर्षं मी हे काम केलं आणि त्यात एकही चूक केली नाही, असं माझ्याबद्दल दोनदा छापून आलंय. मीही चारचौघांत नाकाने कांदे सोलत ते मिरवलंय.

"निर्मात्यांच्या गोदामात होती," प्राध्यापिका सांगत होत्या. "आम्ही खास दिव्याखाली तिचे फोटो काढलेत. खोडलेलंसुद्धा वाचता येतं हो आता! सिनेमा संपला की पडद्यावर दाखवणार आहोत. सदतिसावं पान."

चारशे पानांच्या वहीतलं बाईंना नेमकं सदतिसावंच पान सापडावं! खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर तिथल्या तिथे घाम फुटला.

"आणि दुसरी गंमत," असं म्हणून त्या बाजूला झाल्या.

भिंतीलगतच्या बाकावर टाचणी बसली होती. शेचाळीस वर्षांनी दिसली. केस पांढरे, अंग निम्मं झालेलं, पण बसण्याची ढब तीच. पाठ ताठ आणि हात मांडीवर मोकळे, कुणाचं बटण तुटलं तर लगेच उठता यावं अशी. आमच्या सिनेमात ती कपडे आणि दागिने सांभाळायची. तोंडात सदा चार टाचण्या धरलेल्या असायच्या म्हणून ते नाव. शेजारी तिची सून होती, गोल चेहऱ्याची, हसरी.

"वहीत यांचं नाव होतं, त्यावरून पत्ता काढला," प्राध्यापिका म्हणाल्या.

"आम्हाला तर माहीतच नव्हतं," सून म्हणाली. "आई सिनेमात कामाला होत्या म्हणून! आम्ही त्यांना फक्त पडदे शिवतानाच पाहिलंय. तुम्ही दोघी मैत्रिणी ना?"

टाचणीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी फिटिंग तपासावं तसं. मग शांतपणे म्हणाली, "माझं खोडरबर तुझ्याकडेच राहिलं."

सून हसली. तिला वाटलं, म्हातारीला बारीकसारीक आठवतंय, मजाच आहे. मला मात्र कळलं की हिला सगळं ठाऊक आहे आणि ही ते सांगायलाच आलीय.

आम्हाला पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसवलं. थिएटर भरलेलं होतं. सिनेमा काढला तेव्हा जन्मलेले नसतील असेच निम्मे लोक. दिवे मंदावले आणि नव्याने स्वच्छ केलेली प्रत सुरू झाली.

सिनेमा चांगला आहे, हे मी माझं काम त्यात आहे म्हणून सांगत नाही. अकरा बडे नट एका जेवणाच्या टेबलाभोवती. यजमान बारावा, तो मरतो. अकरांपैकी प्रत्येकाच्या करारात लिहिलेलं होतं, की मला कुणापेक्षा खालची जागा चालणार नाही. साहेब, म्हणजे आमचे दिग्दर्शक, असे तल्लख, की त्यांनी गोल टेबलच करून घेतलं. आता बसा कुठेही! लोक त्या गोल टेबलावर लेख लिहितात, संशयाचं वर्तुळ वगैरे. ते वर्तुळ वकिलांनी काढलेलं होतं. पण त्या गोलामुळे खरंच असं झालं, की कुणाचीही पाठ सुरक्षित वाटत नाही. प्रत्येक चेहऱ्यामागे दुसरा चेहरा दिसतो. अकराही जण एकमेकांवर मात करायला बसले होते आणि ती चुरस पडद्यावर भीतीसारखी उमटलीय.

श्रेयनामावली सरकत होती. वेशभूषा, रंगभूषा, मग 'कंटिन्युइटी' आणि खाली माझं एकटीचं नाव. मागून दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. सून पडद्याकडे डोळे ताणून बघत होती.

"आई, तुमचं नाव आलं का?"

"आलं असेल," टाचणी म्हणाली. "तुझं लक्ष नसेल."

आलं नव्हतं. येणारच नव्हतं. कुणामुळे, ते या रांगेत दोघींना माहीत होतं.

सांगून टाकते. जेवणाचा मोठा प्रसंग घ्यायचा होता. अकरा नट, दिव्यांचे खांब, कॅमेरा, यांच्यात मला स्टूल टाकायला जागाच उरली नाही. मला एका खांबामागे बसवलं. तिथून टेबल दिसत नव्हतं, पण समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या आरशात सगळं दिसत होतं. आरशात डावं-उजवं उलटं, म्हणून मी प्रत्येक नोंद मनात फिरवून लिहीत होते. दहा जणांचं फिरवलं, अकरावीचं राहिलं. अकरावी म्हणजे आमच्या मोठ्या बाई, सिनेमाच्या नायिका, यजमानाची बहीण झालेल्या. त्यांची हिरवी अंगठी उजव्या हातात होती. मी आरशात दिसलं तसंच लिहिलं, 'डावा'.

दुसऱ्या दिवशी खुनानंतरचा भाग होता. टाचणी दागिन्यांची पेटी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "अगं, मला वाटतं काल उजव्यात घातली होती."

मी वर न बघता म्हटलं, "तुला वाटून काय उपयोग? वहीत बघ."

तिने वही पाहिली. डावा. बिचारीने डाव्या हातात घातली. त्या बोटाला ती घट्ट होत होती, तरी घातली, कारण वहीत होतं.

दहा दिवसांनी त्या भागाची धुतलेली फिल्म पाहिली तेव्हा चूक उघडी पडली. अंधारापूर्वी अंगठी उजव्या हातात, अंधारानंतर डाव्या. मोठ्या बाई तोवर दुसऱ्या चित्रीकरणाला निघून गेल्या होत्या, सेट मोडला होता. निर्माते, ज्यांना सगळे 'मालक' म्हणत, त्यांचा आवाज तीन खोल्या ओलांडून आला. दुपारनंतर वही घेऊन माझ्याकडे या, असा निरोप आम्हा दोघींना मिळाला.

जेवणाच्या सुट्टीत मी टाचणीकडे गेले आणि तिच्या डब्यातलं खोडरबर मागितलं. कपडे बेतायला ती कागदावर कापं आखायची, म्हणून तिच्याकडे ते असायचं. "घे, पण परत दे," ती म्हणाली. मी न्हाणीघराचं दार आतून लावलं, सदतिसाव्या पानावरचं 'डावा' खोडलं आणि त्यावर 'उजवा' लिहिलं. मी चोवीस वर्षांची होते, माझ्या पगारावर घरी चार तोंडं होती. ही सबब नाही. तिच्याही घरी होती.

मालकांच्या खोलीत टाचणी म्हणाली, "वहीत डावा लिहिलंय. मी स्वतः वाचलं."

मालकांनी वही उघडली आणि तिच्याकडे फिरवली. 'उजवा.' ते म्हणाले, "वर खोटंही बोलतेस?"

तिने पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाहीवर खोडरबराचा भुगा होता. कुणाच्या कपड्यावर काही पडलं की झटकायची तिला सवयच होती. तिने हात पुढे केला, माझी बाही दोन बोटांनी झटकली आणि खोलीबाहेर गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती त्या दिवशी माझ्यासमोर झाली आणि मी हूं की चूं केलं नाही. मालकांच्या शब्दाबाहेर धंद्यात कुणी नव्हतं, त्यामुळे तिला पुन्हा कुठल्याही सेटवर काम मिळालं नाही.

याच्यावर कळस म्हणजे चारच दिवसांनी साहेबांना सुचलं, की ही चूक नाही, हाच पुरावा! मूळ कथेत खुनी बहीणच होती, पण ती पकडली जायची एका जुन्या पत्रामुळे. मिळमिळीत प्रकार. आता साहेबांनी गुप्तहेराचं एक नवं भाषण लिहिलं आणि आधीच घेतलेल्या दृश्यांवर त्याचा आवाज चढवला. खून करताना बाईने अंगठी काढली, विषाची पुडी त्या अंगठीतच होती, आणि अंधारात घाईघाईने ती चुकीच्या हातात घातली! सिनेमा तुफान चालला. सगळं गाव साहेबांना डोक्यावर घेऊन नाचलं. टाचणीला परत बोलवा, असं म्हणायचं सुचायला हवं होतं ते मला. मला सुचलं होतं. मी म्हटलं नाही.

पडद्यावर यजमान पेला उंचावत होता. आता तो अंधार येणार. आमच्या सिनेमाची सगळ्यात गाजलेली जागा. दिवे जातात आणि वीस सेकंद पडदा पूर्ण काळा. फक्त आवाज. एक खुर्ची सरकते, चमचा पडतो, कापड सळसळतं, कुणीतरी नाकाने श्वास घेतं. त्या वेळी दारावरचा लाल दिवासुद्धा झाकायचा, हा सगळ्या थिएटरांचा रिवाज होता आणि आजही पाळलेला होता. शेकडो माणसं, पण टाचणी पडली तर ऐकू येईल अशी ती शांत होतात. मी स्वतःशी ठरवलं, सांगायचं तर आताच. कुणाला चेहरा दिसणार नाही, तिलाही नाही.

दिवे गेले. मी मोजू लागले. खुर्ची सरकली, तीन. चमचा पडला, सहा. अकरा. कापड सळसळलं.

"चूक माझी होती," मी तिच्या कानाशी म्हटलं. "मीच डावा लिहिला. मीच खोडलं."

पंधरा. सोळा. तिचा श्वाससुद्धा ऐकू येईना. वीस झाले, पडदा उजळला, कुणीतरी किंचाळलं आणि आख्खं थिएटर दचकलं. टाचणी दचकली नाही. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "अंधारात काय सांगतेस? दिवे लागल्यावर सांग."

पुढचा तासभर मी सिनेमा पाहिला असं म्हणता येणार नाही. खुनी कोण, हे शोधायला बाकीचे बसले होते. मी खुन्याच्या खुर्चीत बसले होते आणि मधल्या सुट्टीत मला चहाही गिळवला नाही. एकदा वाटलं, छातीत दुखतंय म्हणावं आणि घरी जावं. या वयात कुणी अविश्वास दाखवत नाही. पण टाचणीने तिचा लाकडी दांड्याचा झोळा माझ्या आणि रांगेच्या वाटेच्या मधोमध ठेवला होता. मुद्दाम की सहज, देव जाणे. मला तो ओलांडवला नाही.

मग ते शेवटचं भाषण आलं. गुप्तहेर टेबलाभोवती फिरतो, एकेकाच्या मागे थांबतो, आणि अखेर म्हणतो, "बाईसाहेब, आपण उजव्या हाताने जेवायला बसलात आणि डाव्या हाताने उठलात." पाठोपाठ मोठ्या बाईंचा चेहरा आणि हात. त्या खाली बघतात. अंगठ्याने त्या अंगठीला रेटतात, पुन्हा रेटतात, काही बोलत नाहीत. सात सेकंद. एका शब्दाविना दिलेला कबुलीजबाब. त्या सात सेकंदांवर प्राध्यापिकांनी आख्खं प्रकरण लिहिलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी चोरून टाचणीकडे पाहिलं. ती पुढे झुकून, डोळे बारीक करून त्या हाताकडे बघत होती.

दिवे लागले.

मला व्यासपीठावर नेलं, हातात माईक दिला. मागे पडद्यावर माझं सदतिसावं पान झळकलं, माणसाएवढ्या अक्षरांत. 'अंगठी: उजवा हात.' आणि त्याच्या खालून, निळसर, भुतासारखं वर आलेलं 'डावा'. स्वतःचं अक्षर मला इतकं किळसवाणं कधी वाटलं नव्हतं.

"हे बघा!" प्राध्यापिका म्हणाल्या. "लोक म्हणतात, अंगठीची कल्पना नंतर सुचली. पण ही खाडाखोड काय सांगते? अंगठी आधी डाव्यात ठेवायची की उजव्यात, यावर चित्रीकरणाच्या दिवशीच विचार चालू होता! म्हणजे सगळं आधीपासून ठरलेलं होतं. आणि दिग्दर्शकांचं हे गुपित फक्त एका व्यक्तीला माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे हात केला. "बरोबर ना, मॅडम?"

यापेक्षा मऊ गादी कुणी कुणासाठी अंथरली नसेल. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. साहेब गेले, मालक गेले, मोठ्या बाई गेल्या. माझी पापाची खाडाखोड इतिहास म्हणून तसबिरीत लागणार होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्या रांगेत टाचणी हात मांडीवर ठेवून बसली होती. ती मान हलवत नव्हती, डोळे वटारत नव्हती, फक्त बघत होती. तिच्या सुनेने माझा फोटो काढायला फोन उंच धरला होता.

"नाही," मी म्हटलं.

माईकमधून तो शब्द फार मोठा ऐकू आला.

"काही ठरलेलं नव्हतं. मी आरशात बघून चुकीचं लिहिलं. चूक उघडी पडल्यावर मी ते खोडलं, म्हणजे दोष दुसरीवर जावा. तो गेला. तिला खोटारडी म्हणून हाकललं आणि मी तेहतीस वर्षं बिनचूक बाई म्हणून मिरवले. ती इथे बसलीय."

मागून कुणीतरी हसलं, आणखी चौघं हसले, आणि बघता बघता टाळ्या सुरू झाल्या.

"हा यांचा मोठेपणा!" प्राध्यापिका गहिवरून म्हणाल्या. "सगळं श्रेय दिग्दर्शकांच्या पायाशी ठेवून स्वतःकडे चूक घेतायत. एवढी अचूक योजना ही चूक कशी असेल, मॅडम? विनोद करताय तुम्ही!"

मला रडू यायचं बाकी राहिलं. खोटं बोलले तेव्हा एका फटक्यात सगळ्यांना पटलं, आणि खरं बोलले तर टाळ्या! मी ओरडून सांगणार होते, पण तेवढ्यात टाचणी उठली. सुनेचा हात बाजूला सारून ती सावकाश व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आली. वर चढली नाही.

"ते हाताचं परत लावा," ती म्हणाली.

"कुठलं, आजी?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"शेवटचं. ती अंगठी चोळते ते."

पडदा पुन्हा जिवंत झाला. मोठ्या बाईंनी खाली पाहिलं. अंगठ्याने अंगठी रेटली.

"थांबवा. आता बोटाचं मोठं करा. आणखी."

बोट पडदाभर झालं. हिरवा खडा ताटाएवढा. थिएटरात कुणी खोकत नव्हतं. मलाही कळेना ही काय शोधतेय.

"अंगठीच्या खाली बघा. सांध्यापाशी."

आधी काही दिसलं नाही. मग पहिल्या रांगेतली तिची सूनच ओरडली, "दोरा! पांढरा दोरा आहे!"

होता. जुन्या, ओरखडे पडलेल्या प्रतीत कधी दिसला नसता. नव्या प्रतीत स्वच्छ दिसत होता, अंगठीखालून बाहेर आलेला, बोटाला तीन वेढे घातलेला.

"अंगठी उजव्या बोटाच्या मापाची," टाचणी म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. "डाव्यात मी साबण लावून घातली, ती रुतली. बोट सुजलं. शॉट संपल्यावर मी दोरा गुंडाळून काढायला घेतली, तर निम्म्यात मला कुणीतरी बाजूला ओढलं. कॅमेरा चालूच राहिला होता. मोठ्या बाई बोट सोडवत होत्या. ते साहेबांनी शेवटाला लावलंय." ती प्राध्यापिकांकडे वळली. "बाई, ठरवून केलं असतं, तर अंगठी मापाची केली नसती का? मी काय मेले होते?"

कुणी हसलं नाही. प्राध्यापिका पडद्यावरच्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं आख्खं प्रकरण त्या तीन वेढ्यांत अडकलं होतं. पण बाई खऱ्या अभ्यासू. त्यांनी माईक खाली घेतला, पायऱ्या उतरल्या आणि टाचणीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "माझं चुकलं. पुस्तकात दुरुस्त करीन. आणि नव्या प्रतीत तुमचं नाव घालायला सांगते."

"घाला," टाचणी म्हणाली. "सिनेमा चांगला झालाय. मी आजच पाहिला."

शेचाळीस वर्षं या बाईने तो पाहिला नव्हता. सून तिला धरून रडायला लागली, "आई, एवढं सगळं, आणि तुम्ही नुसते पडदे शिवून घर चालवलंत?" मागचे लोक उभे राहिले. आता टाळ्या तिच्यासाठी होत्या आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. ते योग्यच होतं. मी व्यासपीठावरून उतरून तिच्यासमोर गेले.

"मला माफ..."

"ते राहू दे," ती म्हणाली. "माफीचं मला आज विचारू नकोस. वही कुठाय?"

प्राध्यापिकांनी पांढऱ्या हातमोज्यांनी पेटीतून वही काढली. टाचणीने ती सदतिसाव्या पानावर उघडली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"लिही. खरं काय ते. पेनानं."

"अहो, ती ऐतिहासिक..." प्राध्यापिका पुढे झाल्या.

"वही हिची आहे," टाचणी म्हणाली. "हिला लिहू दे."

प्राध्यापिकांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि स्वतःचंच पेन काढून मला दिलं. जन्मभर पेन्सिलने लिहिलेल्या हातात मी ते नीट धरलं. टाचणीने वहीची कड दोन बोटांनी दाबून धरली, पान हलू नये म्हणून. मी लिहिलं, 'अंगठी उजव्या हातात होती. मी डावा लिहिला. मीच खोडलं. हिचा दोष नव्हता.' आणि खाली सही केली.

तिने वही उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि एकेक शब्द वाचला. मग माझ्यासमोर परत ठेवली.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

माझी तारीख राहिली होती! तेहतीस वर्षांत जे कधी झालं नाही ते.

"कुठली घालू?" मी विचारलं. "आजची की त्या दिवसाची?"

तिने वहीची कड पुन्हा दाबून धरली.

"दोन्ही घाल."

मी दोन्ही घातल्या.